उत्तरापुरती जागा

पडद्यावर मांजराचं चित्र आलं. पडद्यावरच्या बाईंनी मान तिरकी करून विचारलं, "व्हॉट इज धिस?" आणि त्या थांबल्या. वर्गातल्या चाळीस पोरांनी चाळीस तऱ्हांनी ओरडून घेतलं. खिडकीजवळच्या बुटक्यानं तर मुद्दाम "टेबल!" अशी आरोळी ठोकली. बाई गोड हसल्या. "व्हेरी गुड! क्लॅप, क्लॅप, क्लॅप!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. बुटक्यानं सगळ्यांत जोरात.

कपाटाला टेकून उभ्या असलेल्या खऱ्या बाईंनी डोळे वटारले. पण बुटक्याची नजर पडद्यावर होती. वटारलेल्या डोळ्यांचा धाक आधी हाक मारता आली तरच चालतो, हे बाईंना आता कळून चुकलं होतं.

दिवाणखान्यातल्या गप्पांत सांगावी तशी साधी गोष्ट. बाईंच्या घशात गाठ आली आणि ती काढली. गाठ निरुपद्रवी निघाली म्हणून घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण गाठीबरोबर आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, वाट बघा. आता उरली होती ती नुसती फुसफुस, तीही कान अगदी तोंडाशी नेला तर ऐकू येणारी. आणि चाळीस पोरांच्या वर्गात कोण कोणाच्या तोंडाशी कान नेतो?

बरं, गेला तो कोणाचा आवाज? तर गाणेबाईंचा. शाळेत त्यांना दुसऱ्या नावानं कोणी ओळखतच नसे. इंग्रजीचा तास म्हटला की पोरं बाकाखाली दडायची, त्या काळात बाईंनी पुस्तक मिटून गायला सुरुवात केली होती. गाणी त्यांची स्वतःची, चालीही स्वतःच्याच. गोष्टीही त्याच रचायच्या. त्यांचा एक विसराळू कोल्हा होता. तो रोज टोपी हरवायचा आणि घरभर शोधत फिरायचा. "इज द हॅट हिअर?" असं बाईंनी कोल्ह्याच्या आवाजात विचारलं की अख्खा वर्ग "नो, द हॅट इज नॉट हिअर!" म्हणून शाळा डोक्यावर घ्यायचा. आपण इंग्रजी शिकतोय हे पोरांना कळायचंही नाही. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज व्हायची की गाणेबाईंच्या वर्गात अभ्यास सोडून बाकी सगळं चालतं. बाई ते कानाआड करत. त्यांचा कान फक्त पोरांसाठी होता. चाळिसांच्या कोलाहलात कोणाचं चुकलं ते त्यांना बिनचूक ऐकू यायचं, आणि गाणं न थांबवता, त्याच चालीत त्या चूक सुधारून द्यायच्या.

मग मध्ये एक वर्ष शाळाच बंद राहिली. बाईंनी स्वयंपाकघरात भिंतीवर चादर लावली, नवऱ्याच्या हाती मोबाइल दिला आणि सगळे पाठ चित्रित केले. प्रश्न विचारायचा, उत्तरापुरती जागा सोडायची, मनातल्या मनात ठेका धरायचा आणि मग म्हणायचं, "व्हेरी गुड!" नवरा जरा चिकित्सक. त्यानं विचारलं, "आणि पोरानं चुकीचं सांगितलं तर?"

"चुकलं तर चुकलं," बाई म्हणाल्या होत्या. "एकटं बसलेलं असेल ते घरात. कोणीतरी शाब्बास म्हणायला हवं ना."

त्या वर्षी ते खरंच होतं. पुढं शाळा उघडली, पाठ मागं पडले आणि बाई पुन्हा तोंडानं गायला लागल्या. पण नंतर वर्गावर्गांत पडदे बसले, आणि आवाज गेल्यावर हेडसरांना त्या पाठांची आठवण झाली.

"घरी बसून काय करणार, बाई?" ते म्हणाले. "तुमचे पाठ आहेतच की. तुम्ही फक्त बटण दाबा. पगार चालू, नोकरी चालू."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बाईंना निदान मनातल्या मनात भांडता आलं असतं. तेव्हापासून बाई आपल्याच वर्गात आपल्याच बाजूला उभ्या राहू लागल्या. पडद्यावरच्या बाई चार-पाच वर्षांनी तरुण होत्या, सतत हसतमुख होत्या आणि त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. पोरं त्यांच्यावर खूश होती.

एकच मुलगी टाळ्यांत नसायची. तिसऱ्या बाकावरची घुमी. हे नाव तिला पोरांनीच ठेवलेलं. वर्षाच्या सुरुवातीला आली ती तोंडाला कुलूप लावूनच. बाईंनी तिच्यावर किती कष्ट घेतले! मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून अगदी हलक्या आवाजात त्या कोल्ह्याची गोष्ट सांगायच्या. कोल्ह्यानं टोपी शोधली की थांबायच्या आणि घुमीकडे बघायच्या. कित्येक दिवस नुसतीच मान हलली. मग एकदा ओठ हलले. आणि एका दुपारी "नॉट हिअर" असे दोन शब्द आले, मुंगीच्या पावलांनी. बाई त्या दिवशी घरी जाताना रस्त्यात गुणगुणत होत्या. पुढच्याच आठवड्यात घसा बसला आणि मग दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. परत आल्या तोवर घुमीचं कुलूप पुन्हा लागलेलं होतं.

मांजरानंतर घराचा पाठ आला. हा बाईंचा सगळ्यांत लाडका. पडद्यावर एक बुटकं घर, त्याला लाल दार. बाई गाऊ लागल्या, "हू इज ॲट होम, हू इज ॲट होम?" आणि मग, "टेल मी, माय डिअर." हे कडवं पुन्हा पुन्हा यायचं, आणि दर वेळी एकेका मुलानं उभं राहून आपल्या घरात कोण आहे ते सांगायचं. माय ग्रँडफादर इज ॲट होम. व्हेरी गुड. माय सिस्टर इज ॲट होम. व्हेरी गुड. ओळ पुढं सरकत होती. तिसऱ्या बाकाशी आली तेव्हा पोरांनी नेहमीसारखं घुमीला ओलांडून पुढच्याला खुणावलं.

पण घुमी उभी राहिली.

बाईंचा कपाटावरचा हात सुटला. वर्गही चपापला. पडद्यावरच्या बाईंनी "टेल मी, माय डिअर" म्हणून मान तिरकी केली. घुमी त्यांच्याकडे बघत होती. मधल्या सुट्टीत शेजारी बसून गोष्ट सांगणाऱ्या बाई तिला आता तिथंच दिसत असणार, कारण तो आवाज तिथंच होता.

"माय मदर," घुमी म्हणाली, "इज नॉट ॲट होम."

क्षणभर बाईंमधली शिक्षिका हरखलीच. 'नॉट' या पाठात नव्हताच. पोरीनं तो कोल्ह्याच्या गोष्टीतून उचलला होता आणि आपला आपण इथं आणून बसवला होता. अख्खं वाक्य, एकही चूक नाही. आणि दुसऱ्याच क्षणी ते वाक्य काय सांगतंय ते बाईंच्या काळजापर्यंत पोचलं. त्यांनी रिमोट उचलला. बटण सापडेपर्यंत उशीर झाला होता.

"व्हेरी गुड!" पडद्यावरच्या बाई फुलासारख्या हसल्या. "क्लॅप, क्लॅप, क्लॅप!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. घुमी बोलली याचं पोरांना अप्रूप होतं, म्हणून जरा जास्तच वाजवल्या. घुमीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग तिनंही टाळ्या वाजवल्या, कारण नियमच तसा होता.

आता कुठं बटण लागलं. पडद्यावरच्या बाई अर्धं तोंड उघडून थिजल्या. पोरं खदखदून हसली. खऱ्या बाई बाकांमधून वाट काढत घुमीपाशी गेल्या, खाली वाकल्या आणि तिच्या कानात काही म्हणाल्या. नुसता वारा गेला. घुमीला गुदगुल्या झाल्या असाव्यात, तिनं कान खांद्याला घासला आणि ती खाली बसली. बाई आता सोबत बाळगत त्या पाटीवर लिहून दाखवावं, तर घुमी अजून अक्षरं जोडून जोडून वाचायची. बाईंना जे म्हणायचं होतं ते असं जोडून वाचण्यासारखं नव्हतं.

शाळा सुटल्यावर बाई फाटकाशी थांबल्या. घुमीचा बाप सामान पोचवणाऱ्या टेम्पोवर चालक होता, नेहमी घाईत. बाईंनी पाटी पुढं केली. 'हिची आई बरी आहे ना? वर्गात म्हणाली, आई घरी नाही.'

बापानं पाटी दोनदा वाचली. घुमीला टेम्पोत बसवून तो परत आला आणि आवाज खाली आणून बोलू लागला. आई गेली होती. आजारीबिजारी नाही, निघूनच गेली होती. कपाटातले आपले कपडे घेऊन.

"पोरीला सांगितलंय, मामाकडे गेलीय," तो म्हणाला. "येणार नाही ती, बाई. पण हे कसं सांगायचं तिला? तुम्ही असता माझ्या जागी तर काय सांगितलं असतं?"

बाईंनी पाटी पुसली. खडू पाटीवर टेकवला आणि तसाच धरून ठेवला. बापानं टेम्पोकडे वळून बघितलं. मग ओशाळून म्हणाला, "जाऊ द्या. आणि आता असं ती कुठं बोलणार नाही. बजावून ठेवतो तिला. लोक काय, चौकशा करायला टपलेलेच असतात." बाईंनी जोरजोरात मान हलवली, हात हलवले, नको, नको. त्याला वाटलं बाई निरोप घेताहेत. त्यानंही हात हलवला आणि टेम्पो निघून गेला.

त्या रात्री नवरा म्हणाला, "अगं, पोरीला जवळ घे की. त्याला बोलावं कशाला लागतं?" सांगायला सोपं. दुसऱ्या दिवशी बाईंनी घुमीला जवळ घेतलंही. ती खांबासारखी ताठ उभी राहिली. सोडल्यावर जाऊन जागेवर बसली.

त्याच आठवड्यात हेडसर आनंदानं सांगत आले की संस्थेचे पाहुणे येणार आहेत. बाईंचे पाठ संस्थेच्या सगळ्या शाळांना द्यायचं घाटतंय. पाहुण्यांना घराचा पाठ दाखवायचा, पोरांसकट. बाईंनी पाटी घेतली. 'घराचा नको.' हेडसरांना कळेना. तोच तर सगळ्यांत गोड. बाईंनी पुन्हा पुसून लिहिलं, पुन्हा पुसून लिहिलं. हेडसरांनी सगळं वाचलं आणि चष्मा काढला.

"कळतं हो, बाई. पण आता ठरलंय. फार तर तिला त्या दिवशी घरी ठेवायला सांगू?"

घरी. बाईंनी मान हलवली. नाही.

"मग रिमोट तुमच्या हातात ठेवा. वाटेल तिथं थांबवा. झालं?"

एवढ्यावर बाईंनी समाधान मानलं. बुडत्याला काडीचा आधार. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्या पाठ लावून बसू लागल्या. "टेल मी, माय डिअर" झालं की जागा यायची, आणि त्या जागेच्या शेवटी आपण श्वास घेताना खांदे किंचित उचलतो हे त्यांना दिसलं. खांदे उचलले की बटण. "व्हेरी गुड" ओठांवर यायच्या आत बाई बाईंना थांबवायच्या. चांगला हात बसला.

पाहुण्यांच्या दिवशी कॉम्प्युटरच्या सरांनी पडदा आपल्या लॅपटॉपला जोडला. असं चित्र स्वच्छ दिसतं म्हणे. बाईंच्या हातातला रिमोट त्यामुळं नुसताच हातात राहिला. त्यांनी हेडसरांकडे बघून तो वर धरला. हेडसर पाहुण्यांना खुर्च्या दाखवण्यात गुंतले होते, त्यांनी हसून मान डोलावली. बाईंना मागच्या भिंतीशी उभं केलं होतं. मधल्या वाटेत खुर्च्या मांडल्या होत्या.

लाल दाराचं घर आलं. हू इज ॲट होम. माय ग्रँडफादर. व्हेरी गुड. माय सिस्टर. व्हेरी गुड. पाहुणे कौतुकानं माना हलवत होते. बाई भिंतीच्या कडेकडेनं पुढं सरकू लागल्या. एका पाहुण्यानं पाय आवरून घेतले, एकीनं पिशवी उचलली. बाई तिसऱ्या बाकाच्या मागं पोचल्या तोवर घुमी उभी राहिली होती.

"टेल मी, माय डिअर."

आणि ती जागा आली. बाईंना तिची लांबी पाठ होती. घुमीनं एकदा मागं वळून बघितलं. पडद्याकडे नाही, बाईंकडे. मग पुढं तोंड करून तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, "माय मदर इज ॲट होम."

पडद्यावरच्या बाईंचे खांदे उचलले गेले. खऱ्या बाईंनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"व्हेरी गुड! क्लॅप, क्लॅप, क्लॅप!"

वर्ग टाळ्या वाजवत होता, पाहुणे वाजवत होते, हेडसर सगळ्यांत पुढं होते. ही मुलगी सुरुवातीला एक शब्द बोलत नव्हती, आता बघा, असं ते शेजारच्या पाहुण्यांना सांगत होते, आणि ते खोटं नव्हतं. घुमीचे हात खाली होते. ती उभीच राहिली होती. मग हेडसर म्हणाले, "मुलांनो, बाईंना थँक्यू म्हणा." सगळी पोरं पडद्याकडे तोंड करून एका सुरात ओरडली, "थँक्यू, टीचर!" पडद्यावरच्या बाईंनी पुढचं गाणं सुरू केलं.

घुमी मात्र मागं वळली होती. तिनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या रिमोटकडे बघितलं. मग ती खाली बसली, दप्तर मांडीवर घेतलं आणि भिंतीकडे सरकून बाकावर जागा केली. बाई तिथं बसल्या. बाक लहान होता, गुडघे वर येत होते. तास संपेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.