सीझियमचा रंग

"ताई, सोनं आहे का गं हे?" धाकट्या भावानं माझ्या प्रयोगशाळेतल्या कपाटातून काचेची बंद नळी उचलली.

"सीझियम आहे ते. नुसती हवा लागली तरी पेटतं. ठेव खाली!"

"हे कसलं नाव?"

"जळताना त्याच्या उजेडात आकाशी रेषा दिसतात, म्हणून लॅटिनमधल्या 'आकाशी' या शब्दावरून पडलंय. ठेव म्हणते ना, गाढवा!"

पण मुठीच्या उबेनं धातू वितळायला लागला होता आणि त्याला गंमत वाटत होती. काचेला चिकटलेला गोळा सुटावा म्हणून त्यानं नळी टेबलावर टक्कन आपटली.

"बघ, काही झालं नाही," तो हसला. "उगाच घाबरतेस."

त्याची मूठ मिटलेलीच होती. बोटांच्या फटींतून आकाशी उजेड येत होता.