वळून पाहिलेला घास

"राजा, ये रे. आज उशीर नाय केला मी."

धोंडीबाई तळ्याकाठी धुण्याच्या दगडावर उभी होती. हातात दहीभाताची पितळी वाटी. हाकेसरशी बदकं कलकलत आली, राजा आला नाही. दगडाला लागूनच, लव्हाळ्यात तो बसला होता आणि त्याची लांब पांढरी मान चिखलावर पडली होती, पिळून टाकलेल्या फडक्यासारखी. डोळे मात्र उघडे. धोंडीबाईने मान उचलून हातावर घेतली. हात काढला तशी ती पुन्हा खाली गेली.

राजा म्हणजे राजहंस. फार्महाऊसवाल्या शेठने जागा विकली तेव्हा तिथल्या गड्यांनी त्याला आणि त्याच्या हंसिणीला धोंडीबाईच्या अंगणात आणून सोडलं होतं. तिच्याकडे आधीपासून बदकं होती, त्यात ही दोन. सरस्वतीचं वाहन घरी चालून आलं म्हणून ती हळदकुंकू लावायला वाकली, तर राजाने तिच्या पोटरीचा चावाच घेतला. "विद्येचं वाहन आणि वळण असलं," एवढंच तेव्हा ती म्हणाली होती.

तिने वाटी दगडावरून पाण्यात ओतली, हात जोडले आणि पाठ फिरवली. समोर भगीरथ उभा. नात्याने चुलतदीर. पंचायतीकडून तळं ठेक्याने घेऊन त्याने यंदा रोहू-कटल्याचं बी सोडलं होतं.

"वयनी, मासं बघितलंत? उजाडल्यापासून वर येऊन तोंडं वासतायत. तुमची बदकं सगळ्या तळ्यात हागून ठेवतात, दुसरं काय."

"बदकं काय आजची हायत? पावसात मासं ब्येस होतं. आत्ताच का रे वर यायला लागलं?"

"ते मला काय ठावं? रविवारी देवळात बैठक हाय. तळ्यात बदकं ऱ्हातील नायतर मासं, असं सांगणार मी. राग मानू नका."

"राग कसला. राजाला बघ जरा. मान धरत नाय."

भगीरथ उकिडवा बसला. "चढवून आला का काय हा," म्हणाला, आणि धोंडीबाईच्या चेहऱ्याकडे पाहून उठला.

दुपारी राजा गेला. धोंडीबाईने जांभळीखाली खड्डा केला, चोचीवर तुळशीचं पान ठेवलं. हंसीण बांधावर उभी राहून बघत होती.

आषाढी एकादशीपासून धोंडीबाईचा नेम होता. पाण्यातल्या जिवांना घास घातल्याशिवाय स्वतःच्या तोंडात पाणीही घ्यायचं नाही. सून नम्रता दोनदा रिकाम्या ओटीने दवाखान्यातून परत आली होती. आता पुन्हा दिवस राहिले होते, पौषात बाळंतपण. मुलगा साईनाथ शहापूरला हार्डवेअरच्या दुकानात, घरी यायचा तो शनिवारी. घरात दोघी बायका आणि मध्ये ही न बोललेली धास्ती. म्हणून हा नेम, कार्तिकीपर्यंत.

घास कसा घालायचा हे सासूने शिकवलं होतं. पाण्यात सोडायचा, हात जोडायचे, मागे वळून बघायचं नाही. दिल्या घासावर डोळा ठेवला की पुण्य लागत नाही. धोंडीबाईने कधी वळून पाहिलं नव्हतं. तिचं बघून श्रावणात शेजारच्या सकुबाईने नेम धरला, मग आळीतल्या बाकीच्यांनी. कुणी नैवेद्याची वाटी, कुणी रात्रीचा उरलेला भात, सणाला पुरणपोळीचा तुकडा. सगळं त्याच दगडावरून.

दुसऱ्या दिवशी एक बदक लंगडायला लागलं. धोंडीबाईने त्याला टोपलीत घातलं, वर लुगड्याचा तुकडा बांधला आणि एसटीने मुरबाडचा गुरांचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी बदकाचे पाय चाचपले, औषध दिलं, तळ्यापासून लांब ठेवा म्हणाले. मग विचारलं, "आजी, हे खातं काय?"

"भात घालते."

"घालता ते झालं. खातं किती?"

धोंडीबाई टोपलीकडे बघत राहिली. "ते नाय बघितलं कधी," ती हळूच म्हणाली.

परतीच्या वाटेवर तो प्रश्न दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा राहिला. खिडकीतून सिद्धगड दिसायला लागला तरी जीभ तिकडेच. खातं किती? आणि खात नसेल, तर जातं कुठे?

सकाळी तिने घास सोडला, हात जोडले, पाठ फिरवली. चार पावलं गेली. मग मनातल्या मनात सासूची क्षमा मागून वळली आणि लव्हाळ्याआड बसली.

या तळ्यावर तिचा जन्म धुण्यात गेला होता, पण नुसतं बघत बसायची ही पहिलीच वेळ. बदकांनी थोडा भात फस्त केला आणि ती तळ्याच्या कडेला गेली, हिरव्या शेवाळात चोची खुपसत. त्यांना तेच आवडत होतं. एक मोठा मासा वर आला, तोंडाचं गोल कडं करून दोन शितं ओढली, निघून गेला. उरलेला भात दगडावरून घसरत, पांढरं ढगुळं होऊन खाली बसला. कुणीच त्याला विचारलं नाही. तेवढ्यात सकुबाई आली, तिची वाटी ओतून मागे न बघता गेली. तिचा भातही तळाशी जाऊन बसला.

धोंडीबाईने बांबूची काठी घेतली आणि दगडाच्या बुडाशी खुपसली. काठी जातच राहिली. बुडबुडे वर आले, त्यांच्यामागून असा वास आला की तिने पदर नाकाला लावला. काठीच्या टोकाला काळा गाळ होता आणि त्यात कुजून पिवळी पडलेली शितं.

पावसात तळ्यातून जाणारा ओहोळ वाहता होता, सगळं पुढे जात होतं. आता ओहोळ आटला, पाणी थांबलं. बदकांची मान आखूड, वरवरचं खाणारी. हंसीण दिवसभर बांधावर गवत खुडत हिंडते. तळाला पोचेल अशी मान एकट्या राजाची; हे कुजलेलं त्याच्याच पोटात गेलं, काठच्या उथळात थोडं त्या लंगड्या बदकाच्याही.

तिला कळल्याचा आनंद झाला. आणि त्या आनंदाची लाज वाटली.

घरी नम्रता सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. धोंडीबाई उंबऱ्यातच बसली.

"नम्रता, माझ्याच घासाने राजा गेला गो."

तिने सगळं सांगितलं. नम्रताचा हात सुपात थांबला.

"मंग थोडाच घाला, आई. चिमटीभर. पण मोडू नका. कार्तिकी आलीच की जवळ." ती खाली बघत म्हणाली, "मी मागं हसायची असल्या गोष्टींना. आता नाय हसू येत. भ्या वाटतं मला."

"माझी चिमूट असंल, सकुबाईची वाटी असंल. मी घालते तवर सगळ्या घालणार. तिकडं भगीरथचं मासं मरतील, नाव माझ्या बदकांचं होईल."

"आणि काय झालं म्हंजे मला?"

धोंडीबाई उठून आत गेली. देव्हाऱ्यातली समई तिने नीट केली, नसलेली काजळी पुसली.

"नेम मोडत नाय मी," ती म्हणाली. "जागा बदलते. पाण्याला भात नाय, तर मलाबी नाय. बाळ घरात येईस्तवर मी भात सोडला."

"आई, तुमी भाताबिगर? रात्री दोन घास भात नाय पडला तर तुमाला झोप लागत नाय."

"नाय लागू दे. जागी असले म्हंजे तुला पाणी लागलं तर देईन."

रविवारी देवळात भगीरथ बोलायला उठला, त्याच्या आधी धोंडीबाई उठली. तिचा आवाज मुळात बारीक, मागच्यांना पुढे सरकावं लागलं. दगडाच्या बुडाशी काय आहे ते तिने सांगितलं. सुरुवात आपण केली, हेही सांगितलं.

"म्हंजे आमचा नैवेद्य इख झाला का?" सकुबाई फणकारली.

"नैवेद्य नाय गो. आपण टाकून पळतो, ते."

म्हातारा गोमा खांबाला टेकून बसला होता. "मंग दिलेलं उभं ऱ्हाऊन बघायचं? रीत नाय ती."

"गोमाभाऊ, पाहुण्याला वाढून आपण निघून जातो का? लागंल तेवढं वाढायचं, समोर बसायचं, उरलं तर उचलायचं. पाखरांना बांधावर घाला, काठवटीत, कोरडं धान्य भिजवून. नायतर कवळा पाला. त्यांचं होईस्तवर उठू नका."

भगीरथ अजून उभाच होता. "मी उद्या फावडी आणतो," तो म्हणाला. "गाळ काढू, वरच्या विहिरीचं पाणी सोडू. माशांची पेंड मी पलीकडं टोपलीत टांगीन, बदकांना नाय पोचणार."

"बुरसलेली असंल तर टांगू नको. कोण खातंय ते बघत जा."

"आता पेंडीतबी नाक घाला, वयनी."

लोक हसले. बदकांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. गाळ काढायला सकुबाई सगळ्यात आधी आली, तोंड फुगवून, पण आली.

दिवाळी झाली, भाताची झोडणी झाली. कार्तिकीही होऊन गेली, धोंडीबाईची भाकरी सुरूच. मासे आता सकाळी तोंडं वासत नव्हते, लंगडं बदकही नीट चालायला लागलं होतं.

एका सकाळी घरात नवा तांदूळ शिजत होता आणि त्याचा वास तळ्यापर्यंत आला होता. धोंडीबाईने तिकडे पाठ केली आणि भिजवलेल्या धान्याची काठवट बांधावर ठेवली. बदकं आली, खाऊन गेली. हंसीण आली नाही. ती धुण्याच्या दगडावर उभी होती, मान लांब करून, पाण्यात बघत.

धोंडीबाईने हाक मारली नाही. काठवट उचलून ती दगडापाशी गेली, हंसिणीच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी बसली. हंसिणीने दोन दाणे टिपले, पुन्हा पाण्याकडे पाहिलं, पुन्हा दोन टिपले.

दारात नम्रता येऊन उभी राहिली, एक हात चौकटीला, एक कमरेला. पोट आता चांगलं पुढे आलं होतं.

"आई, तुमची भाकरी निवते."

"आले. हिचं होऊ दे."

हंसिणीला घाई नव्हती. धोंडीबाई गुडघ्यांभोवती हात गुंफून बसून राहिली. शेवटचा दाणा गेला तेव्हा तिने काठवट गवतावर विसळली, काखेत मारली आणि घराकडे निघाली. जाताना एकदा वळून पाहिलं.