कॉम्प्युटरमधला भोंगा कोणी नेला

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला अंजूरच्या आमच्या घरी ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं गाव ओटीवर, उरलेलं अंगणात. समोरच्या गोदामात माल उतरवायला आलेले दोन ट्रक ड्रायव्हरसुद्धा चपला काढून उभे होते. मधे पाटावर पितळी कलश, त्यावर आंब्याची पानं, पानांवर नारळ. शेजारी आमचा कॉम्प्युटर, त्याला काळा दोरा गुंडाळलेला आणि डोक्यावर लिंबू ठेवलेलं. आणि त्या कलशातून माझ्या बायकोचा आवाज येत होता.

माझी बायको जानकी तीन महिन्यांपूर्वीच वारली होती.

ती धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाणी म्हणून एकेक विधी पार पाडते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. खारबावपासून पार खाडीपलीकडच्या गावांपर्यंत जानकीला बोलावणं असायचं. त्यामुळे कलशातून हळदीचा धवला सुरू झाला तेव्हा हा आवाज कोणाचा, हे कोणाला विचारावं लागलं नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एका ड्रायव्हरने कलशाला नमस्कार करून कुंकू मागितलं. मीही हात जोडले होते. खोटं कशाला सांगू.

प्रकरण सुरू झालं ते कॉम्प्युटरवरून. आमच्या मुलीचं, उन्नतीचं लग्न ठरलं होतं. आजार वाढत चालला तसं जानकीला कळून चुकलं की आपण काही तोवर राहत नाही. तिने माझ्या पुतण्याला, देवेशला बोलावलं. तो जहाजावर नोकरीला आहे आणि तेव्हा सुट्टीवर होता. त्याने कॉम्प्युटरला माइक लावून दिला. जानकीने आठ दिवस रोज थोडं थोडं गाऊन अकरा धवले त्यात भरून ठेवले. त्यात उन्नतीचं नाव घेतलेलं, होणाऱ्या जावयाचं नाव घेतलेलं. मधे दम लागायचा, मग ती खुर्चीला टेकून बसायची आणि परत सुरू करायची.

ती गेल्यावर अडीच महिन्यांनी, लग्न जवळ आलं तेव्हा, उन्नतीने कॉम्प्युटर लावला. गाणं उघडलं, पडद्यावरची रेघ पुढे सरकायला लागली, पण आवाज काही नाही. आवाज कमीजास्त करायचं ते भोंग्यासारखं चित्र उजव्या कोपऱ्यात खाली असतं ना, तेही जागेवर नव्हतं. माझ्या मुलाने, मनोजने स्पीकर हलवून पाहिले, मग नवीन आणून लावले. तेही मुकेच. दुसऱ्या दिवशी तो भिवंडीला दुकानात न्यायला म्हणून मशीन सोडवायला बसला, तर माझी थोरली बहीण गुणाबाई, म्हणजे आमची आक्का, दारात उभी.

"दुकानवाला काय करील," ती म्हणाली. "जानकी आपला आवाज संगती घेऊन गेली."

झालं. संध्याकाळपर्यंत गावात कोणालाच दुसरं कारण उरलं नाही. कारण सापडलं म्हटल्यावर शोधणं बंद. मग आक्कानेच काळूराम भगताला आणलं.

काळूराम भगत काळाबरोबर चालणारा. आल्या आल्या त्याने पडद्याच्या कोपऱ्यावर हात फिरवला आणि भोंगा नसल्याची खात्री करून घेतली. मग डोळे मिटून आम्हाला समजावलं. पूर्वी आत्मा झाडावर बसायचा. आता झाडं राहिली कुठे, जिकडे बघावं तिकडे गोडाऊन. मग बिचारा बसणार कुठे? तो कॉम्प्युटरमंदी बसतो. आत गारवा असतो, पंखापण असतो. जानकी आत बसली आहे आणि तिने भोंगा आतून ओढून घेतला आहे. बुधवारी अमावास्या, त्या दिवशी मशीन खाडीत सोडा. नाही सोडलं तर नवरी बोहल्यावर मुकी होईल. तोवर कोणी हात लावायचा नाही. असं म्हणून त्याने दोरा बांधला, लिंबू ठेवलं आणि जाताना दोन कोंबडे नेले.

मनोज तसा शिकलेला, ट्रान्सपोर्टचा धंदा करतो. पण बहिणीचं नाव आल्यावर घाबरला. म्हणाला, कॉम्प्युटर काय, दुसरा आणू. उन्नती मात्र ऐकेना. गाणी निदान पेनड्राइव्हवर तरी काढून घेते म्हणाली, तर आक्काने हात धरला. दोऱ्याला धक्का लागला तर काय होईल कोणी सांगावं. उन्नती माझ्याजवळ आली.

"बाबा, आईचा हा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. खाडीत गेला तर गेला. तुम्ही नाही म्हणा."

मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. हे कानावर गेलं तेव्हा भगतानेच तोड काढली. रविवारी तो जानकीला कलशात उतरवणार होता आणि तीच सगळ्यांसमोर काय ते सांगणार होती.

तर असे आम्ही रविवारी जमलो होतो. जानकी गात होती. तीन महिन्यांनी तो आवाज घरात आला होता. त्या वेळी भगताने मशीन मागितलं असतं तर मी उचलून त्याच्या डोक्यावर दिलं असतं. धवल्याचं एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं आणि मधेच कलशातून कोणीतरी खोकलं.

बाईचा खोकला नव्हता तो. जाड, ओला, पुरुषी खोकला. परत आला, या वेळी जास्त लांब. मग धवला थांबला आणि जानकी चांगली वैतागून म्हणाली, "पानी प्या जरा. कवापासून खोकताय."

भगत क्षणभर गडबडला, पण त्याची जीभ फार तयार. दोन्ही हात वर करून तो घुमायला लागला. "पानी! ऐकला ना? माय पान्यासाठी तळमलतेय. आत्मा तहानलेला हाय. म्हणून खाडी मागतेय."

इकडे माझे जोडलेले हात सुटले होते. तो खोकला माझा होता.

मागच्या वर्षी खारबावच्या एका लग्नात मी जानकीच्या मागे बसलो होतो. सर्दीने बेजार होतो. हळदीचा धवला चालू असताना मला ढास लागली आणि तिने गाणं थांबवून सगळ्या मांडवासमोर मला झापलं. लोक हसले होते. कोणीतरी मोबाइलवर ते काढलं आणि पुढे कितीतरी दिवस ते या फोनवरून त्या फोनवर फिरत होतं. जानकी मेली हे खरं. पण मी जिवंत होतो. मग माझा खोकला तिच्याबरोबर वरून कसा आला?

मी हे बोलणार, तेवढ्यात आक्का उठली. ती भोळी बाई. भावजय तहानलेली आहे एवढंच तिला ऐकू आलं. माजघरातून तांब्या भरून आणला आणि सरळ कलशाकडे निघाली. भगताचं घुमणं एकदम थांबलं.

"मावशी, तिथं न्हाय. तुळशीला घाला."

"तुळशीत कशी असंल ती," आक्का म्हणाली. "आवाज तर यातनं येतोय."

भगताने कलशावर हात आडवे धरले. तहानलेल्याला पाणी नको म्हणणारा माणूस आक्काने आयुष्यात पाहिला नव्हता. तिने त्याचा हात बाजूला सारला, नारळ उचलला आणि अख्खा तांब्या आत ओतला. जानकीचा आवाज गुळगुळला, घरघरला, दोन वेळा तुटला आणि बंद झाला.

मी कलश पाटावर पालथा केला. पाणी गेलं, पानं गेली आणि शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मुठीएवढा स्पीकर बाहेर आला. त्याच्यावरचा निळा दिवा अजून लुकलुकत होता. बिनवायरचा असतो तो. फोनवर गाणं लावायचं, आवाज स्पीकरमधून येतो. फोन कोणाकडे, हे शोधायलाही वेळ लागला नाही. भगताचा चेला मोरीपाशी उभा राहून अंगठ्याने घाईघाईत काहीतरी बंद करत होता. मनोजने फोन काढून घेतला. पडद्यावर खारबावचा मांडव, पुढे जानकी आणि तिच्या मागे रुमाल तोंडाला लावून बसलेला मी.

आधी ड्रायव्हर हसला, मग अंगण हसलं. भगत मात्र कच्चा नव्हता. म्हणाला, कलश कधी कधी दाखवण्यापुरता ठेवावा लागतो, लोकांची श्रद्धा बसावी म्हणून. पण मशीन मुकं आहे की नाही? भोंगा गेला आहे की नाही? ते मी केलं का?

हसणारे आता कॉम्प्युटरकडे बघायला लागले. खरंच होतं ते. भगत यायच्या आधीच भोंगा गेला होता. आक्का रिकामा तांब्या घेऊन तशीच उभी होती.

"हा लबाड निघाला," ती मला म्हणाली, "पन भोंगा तर खराच गेला ना रे?"

तिचा प्रश्न बरोबर होता. मी तीस वर्षं भिवंडीत पॉवरलूमवर जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. लूम बंद पडला की आम्ही पहिलं विचारायचो, शेवटचा हात कोणाचा होता. आणि माझ्याच घरातलं मशीन बंद पडलं तेव्हा मी हे कोणालाही विचारलं नव्हतं. आता विचारलं. कोणाला आठवेना.

शेजारच्या दत्तूची मुलगी रिया उन्नतीची मैत्रीण, जवळच्या दापोड्याच्या एका गोदामात कॉम्प्युटरचं काम बघते. ती पुढे झाली. भगत म्हणाला, दोरा तोडणाऱ्याचं वाईट होतं. रिया म्हणाली, होऊ दे. तिने दोरा कापला, लिंबू विनिताकडे, माझ्या सुनेकडे दिलं आणि सरबत कर म्हणाली. मग मशीन लावलं आणि सगळ्यांना दिसेल असा पडदा फिरवला.

"काका, आधी भोंग्याचं बघू," ती म्हणाली. खालच्या पट्टीवर तिने उजवं बटण दाबून सेटिंग उघडली. कोपऱ्यात कोणती चित्रं दिसावीत याची यादी आली. घड्याळ चालू, नेट चालू, आवाज बंद. तिने ते बटण सरकवलं आणि भोंगा कोपऱ्यात येऊन बसला. पण त्याच्यावर लाल फुली होती.

फुली म्हणजे आवाजाचं यंत्रच बंद आहे, ती म्हणाली. आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरची यादी उघडली तर ती रिकामी. तिने मोकळ्या जागेवर उजवं बटण दाबलं. तिथे एक ओळ होती, बंद केलेली साधनं दाखवा. त्या ओळीवर टिचकी मारताच स्पीकर दिसला, फिकट राखाडी रंगात. "हे बघा. हे आपोआप होत नाही. कोणीतरी मुद्दाम बंद केलंय आणि परत चुकून कोणी लावू नये म्हणून भोंगाही काढून ठेवलाय. पण घरात असं कोण करेल?"

आक्का तांब्या बाजूला ठेवून खाली बसली.

"मीच सांगितला," ती म्हणाली.

जानकीला उचलायच्या आधी घरात रडारड चालू होती आणि कॉम्प्युटर मधेमधे टिंग टिंग वाजत होता. त्यातच कोणा पोराने गाणं लावलं. सुतकाच्या घरात वाद्य वाजत नाही, टीव्ही लावत नाहीत. आक्काने देवेशला सांगितलं, बारा दिवस याचा तोंड बंद कर, कोनाला उघडता येनार न्हाय असा कर. देवेशने गेलेल्या चुलतीच्या मानापोटी ते अगदी चोख केलं. बाराव्याआधीच त्याला जहाजावर हजर व्हायचं होतं, उघडायचं तसंच राहिलं. आक्काला वाटलं, बारा दिवस झाले की तोंड आपलं आपण उघडलं असेल. तिचं सांगणं आणि मशीनचं मुकेपण, या दोन गोष्टी एकच आहेत हे तिच्या मनात कधी आलंच नाही.

भगताने या गडबडीत चपला शोधायला घेतल्या होत्या. मनोजने त्याला अडवून सांगितलं की असल्या उद्योगांसाठी आता कायदा आहे आणि कोंबडे संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत तर पोलीस चौकी गोडाऊनच्या पलीकडेच आहे. कोंबडे चार वाजता आले. एक आमचा होता, दुसरा बहुतेक दुसऱ्याच कोणाचा.

पण ते नंतर. तेव्हा रिया उन्नतीकडे वळली आणि म्हणाली, तू दाब. उन्नतीने राखाडी स्पीकरवर उजवं बटण दाबलं आणि 'चालू करा' वर टिचकी मारली. फुली गेली. मग तिने पहिला धवला लावला.

आधी खुर्ची करकरली. मग जानकी देवेशला विचारते आहे, झाला का रे चालू? मग तिने श्वास घेतला आणि उन्नतीचं नाव घेऊन गायला लागली. आवाज खारबावच्या मांडवातल्यासारखा नव्हता. बारीक झाला होता, मधे मधे थांबत होता. कलशातला आवाज ठणठणीत होता आणि मी त्याला भुललो होतो. हा आजारी आवाज माझ्या मुलीसाठी होता. उन्नती रडली, पण भीतीने नाही. रियाने ते अकरा धवले तिथल्या तिथे दोन पेनड्राइव्हवर घेतले आणि चार जणांच्या फोनवर पाठवले.

लग्न झालं. हळदीला जानकीचाच धवला लागला आणि आक्काने हट्टाने स्पीकरजवळची खुर्ची धरली. नवरी बोहल्यावर मुकी झाली नाही. सासरी तर फारच बोलते, असं जावई सांगतात.

हे मी लिहून काढतो आहे ते काळूरामवर हसण्यासाठी नाही. त्याची कला काय, फोन, स्पीकर आणि डझनभर आंब्याची पानं. लिहितो आहे ते माझ्यासारख्यांसाठी. ज्या घरातलं माणूस नुकतंच गेलं, त्या घरी भगत बरोबर येतो, कारण तिथे त्याचं खरं ठरावं असं घरच्यांनाच वाटत असतं. मलाही वाटत होतं. जानकी कलशात असती तर मी कलश घेऊन बसलो असतो. पण ती कलशात नव्हती आणि कॉम्प्युटरमध्येही नाही. तिथे तिने गायलेली गाणी आहेत, ती जपता येतात, एवढंच. तेव्हा घरातली वस्तू मुकी झाली, दिवा विझला, भांडं पडलं, तर घाबरायच्या आधी जाणत्या माणसाला दाखवा आणि जो कोणी कारण सांगेल त्याला उघडून दाखवायला लावा. नारळ उचला, पानं बाजूला करा, आत हात घाला. त्याने मेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. उलट, त्याच्या नावावर दुसऱ्या कोणाला खोटं बोलू न देणं, एवढं तरी आपल्या हातात उरलेलं असतं.