राखलेलं पाणी

तपासणीचे साहेब येणार म्हणून रंभाबाईला गोठ्यात नेऊन ठेवायचं ठरलं, तेव्हा नको असं कुणीच म्हटलं नाही. सगुणाबाईनंही नाही. उलट, घोंगडीचं एक टोक तिनंच धरलं होतं.

मुळशीच्या तलावाकाठी उतारावर पत्र्याची एक लांबलचक चाळ होती. धरण बांधत होते तेव्हा ती मजुरांसाठी उभी राहिली. धरण झालं, मजूर पांगले, आणि पुढं बरीच वर्षं तिथं नुसता वारा राहत होता. मग पुण्यातल्या काही भल्या माणसांनी एक संस्था काढली आणि त्या चाळीत निराधार म्हाताऱ्यांची सोय केली. दोन्ही भिंतींना खाटा, मधून चालायला वाट, मागं चूल आणि त्याहून मागं गोठा. सरकारची मदत मिळायची, म्हणून मधूनमधून सरकारचा माणूस येऊन सगळं पाहून जायचा.

सगुणाबाई आणि रंभाबाई यांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. सगुणाचं माहेर नांद्याचं, सासर पौडाकडचं, आणि दोन्हीकडं आता तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. रंभाचं तर गावच पाण्याखाली होतं. उन्हाळ्यात तलाव खाली गेला की ती दारात उभी राहून बोट दाखवायची.

"त्यो काळा दगुड दिसतुया न्हवं? त्याच्या पल्याड आमची पडवी."

दगड कुणालाच दिसायचा नाही. सगुणा मात्र दरवेळी म्हणायची, "व्हय गं, दिसतुया की."

या दोघींचा एक करार होता. माणूस जाताना त्याच्या तोंडात आपल्या माणसानं पाणी घालावं, ही आपल्याकडची रीत. या दोघींना आपलं माणूस कुठलं? म्हणून त्यांनी एकमेकींना शब्द दिला होता, जी मागं राहील तिनं पुढं जाणारीच्या तोंडात पाणी घालायचं. सगुणाच्या उशाशी पितळेचा तांब्या असायचा तो त्यासाठीच.

शिमग्याआधी रंभा न्हाणीच्या दगडावर घसरून पडली. खुब्याचं हाड गेलं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या आणि त्या चिघळल्या. त्याच सुमाराला तपासणीचे निरगुडकर साहेब आले. हे साहेब वाईट नव्हते. भिंतीवरून हात फिरवून ओल पाहायचे, पिण्याच्या पाण्याच्या पिंपात डोकावायचे, म्हाताऱ्यांना वाढतात तेच जेवायचे. त्यांनी रंभाची पाठ पाहिली आणि व्यवस्थापक हैबतरावांना बाजूला घेतलं.

"यांना पुण्याला इस्पितळात हलवा. मी परत येईन तेव्हा बाई याच अवस्थेत इथंच दिसल्या, तर तुमची मान्यता काढून घेण्याची शिफारस मला करावी लागेल."

हैबतरावांनी बैलगाडीत गवत पसरून तिला पौडाच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुण्याला नेलं. इस्पितळात म्हणाले, जवळ राहणारं नात्याचं माणूस आणा. नात्याचं माणूस कुठून आणणार? गाडी परत आली. त्या प्रवासानं रंभाची पाठ आणखीच सोलवटली.

आणि आता वैशाखात साहेब पुन्हा येणार असा निरोप आला.

आदल्या संध्याकाळी हैबतराव चाळीच्या मधोमध उभे राहिले. तोफखान्यात नोकरी केलेला दांडगा माणूस, पण आवाज खाली आला होता.

"मान्यता गेली तर ही चाळ बंद व्हनार. मला दुसरीकडं कामं मिळत्याल. तुमी कुटं जाशिला ते बोला."

 शेवटी कोंडिबा खाटेवरून म्हणाला, "मी जातो की म्हाबळेश्वरला, हवापालटाला." हा कोंडिबा म्हातारपणीही थट्टेशिवाय घास गिळायचा नाही. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

"एका सकाळचाच तर प्रश्न हाय," हैबतराव म्हणाले. "साहेब आठाला येत्याल, धाला जात्याल. लगीच आनू माघारी."

सकाळी रंभाला उचललं. ती म्हणाली, "कुटं न्हेताय गं?" सगुणानं सांगितलं, "गोठ्यात. सायेब जाईस्तोवर." रंभानं मान हलवली. तिला कळलं होतं. "तांब्या आन," एवढंच ती म्हणाली.

"आनते. तू नीज."

पण तांब्या न्यायला सवड मिळाली नाही. साहेबांची जीप रस्त्यावर दिसली अशी हाकाटी झाली आणि हैबतरावांनी सगळ्यांना आपापल्या खाटेवर बसवलं. दिसली ती जीप दुसऱ्याच कुणाची तरी होती. तरी हैबतराव दारातून हटेनात. "आता कुनीबी हलायचं न्हाई. कंदीबी येत्याल."

दहा वाजून गेले. पत्रा तापायला लागला. चाळीचा पत्रा उंच होता, गोठ्याचा हाताला लागेल एवढा खाली. सगुणाला ते बसल्या जागी कळत होतं. ती उठली की हैबतराव डोळ्यांनीच तिला खाली बसवत.

"माज्या जिवाला बरं न्हाई वाटत," ती म्हणाली. "येवढं पानी दिऊन येते तिला."

"सगुणाबाई, ऐका माजं. आत्ता साहेब दारात आले आन तुमी गोठ्यातून निघाल्या तर काय सांगू मी?"

साहेब आले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. घाटात जीपचं चाक बसलं होतं म्हणे. त्यांनी भिंती पाहिल्या, पिंपात डोकावले. रंभाच्या खाटेपाशी थांबले. खाटेवर धुतलेली चादर ताणून घातली होती.

"या बाई?"

"त्यांच्या भाचीनं न्हेल्या," हैबतराव म्हणाले. "मारुंजीला."

"चांगलं झालं." साहेबांच्या चेहऱ्यावर खरोखरच बरं वाटल्याचं दिसलं. "घरचं माणूस ते घरचं माणूस." मग सगुणाकडं वळून त्यांनी विचारलं, "आजी, शेजारीण गेली. करमतं का?"

 पलीकडून कोंडिबा म्हणाला, "तिला आता घोरायला मोकळं रान झालं, सायेब." साहेब हसले आणि पुढं गेले.

जेवणाची पत्रावळ मांडली. भात, आमटी, भाकरीचा तुकडा. साहेबांनी हात धुतले आणि पहिल्या घासाआधी थोडा भात पत्रावळीच्या कडेला काढून ठेवला. गायीचा घास. मागच्या खेपेला गाय अंगणातच बांधलेली होती, त्यांनी उठून तिच्या तोंडात दिला होता.

"राहू द्या तितंच," हैबतराव घाईनं म्हणाले. "मी घालतो मागनं."

सगुणा उभी राहिली. तिनं काही ठरवलेलं नव्हतं, पण हात उशाकडं गेला आणि तांब्या हातात आला.

"गाईचा घास आपल्या हातानं द्यावा सायेब," ती म्हणाली. "गोठ्यात हाय ती. या, मी हातावर पानी घालते."

हैबतरावांचा चेहरा उतरला. "उन्हाची गाय बिथरली हाय साहेब. मारती."

"मारती?" सगुणा म्हणाली. "गरीब लेकरू हाय ते."

साहेब तोवर पत्रावळीचा तुकडा घेऊन निघालेही होते.

गोठ्यात शिरताच वाफ अंगावर आली. गाय जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. तिच्यापुढं गव्हाण, आणि गव्हाणीच्या आड, पेंढ्याच्या कोपऱ्यात रंभा. दारातून ती दिसत नव्हती. वास येत होता, पण गोठ्यात वासाचं काय विशेष? गायीनं घास घेतला. साहेबांनी हात पुढं केले. सगुणानं तांब्या तिरका केला, त्यांच्या बोटांवर थोडंसं पाणी सोडलं आणि तांब्या सरळ धरला.

दारात हैबतराव उभे होते. ते हात जोडत नव्हते, पण डोळे तेच करत होते. सगुणाला त्यांच्या पाठीमागं ती चाळ दिसत होती, आणि तिच्यात गप्प बसलेली सगळी. साहेब आता वळून गेले की काम झालं. मग ती मागं राहील, गुपचूप पाणी पाजेल आणि कुणाचंच काही बिघडणार नाही.

"आणखी घाला की," साहेब हात पुढंच धरून म्हणाले. "अजून चिकट आहेत."

सगुणानं तांब्या पोटाशी धरला.

"तांब्या तर भरलेला दिसतोय. कुणासाठी राखलंत एवढं पाणी?"

साधाच प्रश्न होता, हसत विचारलेला. गव्हाणीमागं पेंढा किंचित खसखसला. कदाचित उंदीरही असेल.

"रंभासाठी," सगुणा म्हणाली.

मग तिनं कुणाकडं पाहिलं नाही. गव्हाणीला वळसा घालून ती खाली बसली आणि रंभाचं डोकं मांडीवर घेतलं. डोकं भट्टीतल्या मडक्यासारखं तापलेलं. ओठांवर माश्या. सगुणानं पदरानं त्या हाकलल्या आणि बोटानं पाण्याचे थेंब सोडले. पहिले गालावरून ओघळले. पुन्हा सोडले, तेव्हा गळा हलला.

"उशीर झाला गं मला," सगुणा म्हणाली.

साहेब गव्हाणीवरून वाकून पाहत होते. पत्रावळीचा रिकामा तुकडा अजून त्यांच्या हातात होता.

"जीप आहे माझी," ते भानावर येऊन म्हणाले. "पुण्याला नेऊ, आत्ताच."

"नका," सगुणा म्हणाली. "वाटंतच जाईल ती. तिच्या खाटंवर न्या. तितनं तलाव दिसतुया."

 साहेबांनी कोट काढून गव्हाणीवर टाकला आणि घोंगडीचं एक टोक धरलं. दुसरं हैबतरावांनी धरलं. दोघं तिला घेऊन चाळीत आले. ताणलेली चादर सगुणानं ओढून काढली. दार उघडं ठेवलं.

रंभा दिवस मावळताना गेली. दगडाचं काही बोलली नाही. शेवटचं पाणी सगुणानं घातलं.

साहेब तोवर थांबले होते. निघताना ते सगुणापाशी आले. "आजी, मी जे पाहिलं ते मला लिहावं लागेल. तुम्हांला कळतंय ना त्याचं काय होईल?"

"कळतंय. लिवा."

तेच झालं. दिवाळीनंतर चाळ बंद करण्याचा हुकूम आला. हैबतराव त्याआधीच निघून गेले होते. म्हाताऱ्यांची ज्या ज्या संस्थांत जागा निघाली तिथं वाटणी झाली. काही पुण्याला, काही साताऱ्याकडं, दोघंतिघं पार सोलापुराला. कुणी कुणाबरोबर जावं हे कुणी विचारलं नाही.

त्या सहा महिन्यांत सगुणाशी फारसं कुणी बोलत नव्हतं. वाढताना तिच्या ताटाशी हात आखडायचा, न्हाणीत तिची पाळी शेवटी यायची. कोंडिबा तर तिच्याकडं पाठ करून निजायचा. ज्याचं तोंड कधी मिटत नसे, त्यानं तिच्यापुरतं ते मिटून घेतलं होतं.

जायच्या दिवशी अंगणात दोन ट्रक लागले. कोंडिबाला सोलापूरच्या ट्रकात बसायचं होतं. तो काठी टेकत निघाला, अर्ध्यात थांबला आणि माघारी वळला. सगुणा साताऱ्याच्या ट्रकाशी आपलं गाठोडं आणि तांब्या घेऊन उभी होती.

"जानारीसाठी राहनारांचं घर मोडलंस," तो म्हणाला.

"व्हय."

"मला वाटलं, म्हनशील न्हाई म्हनून."

"कशाला खोटं बोलू?"

कोंडिबा तांब्याकडं पाहत राहिला. "त्यात पानी हाय का?"

"हाय."

"मंग घाल." त्यानं काठी काखेत धरली आणि तोंड वर करून उघडलं. दात उरलेच नव्हते. "तिकडं सोलापुरात मला कोन घालनार? आत्ताच घालून ठेव. मेल्यावर हिशेबात धरतील."

ट्रकवाला ओरडत होता. सगुणानं त्याच्या तोंडात पाणी सोडलं. त्यानं ते सावकाश गिळलं, डोळे मिटून. मग तोंड पुसलं आणि तांब्यासाठी हात पुढं केला.

"आता तू उघड."

तिनं तोंड उघडलं. कोंडिबानं तांब्या कलता केला, निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. उरलेलं तिनं गिळलं. त्यानं रिकामा तांब्या तिच्या गाठोड्यावर ठेवला आणि काठी टेकत ट्रककडं गेला.

दोन्ही ट्रक पुण्यापर्यंत एकामागून एक गेले. पुढं रस्ते वेगळे झाले.