टेकडी मागेच राहिली

मित्रांनो, जरा वर बघा. आणखी थोडे वर. त्या मोठ्या जाहिरातीच्या मागे जे गंजके लोखंड दिसते ना, तोच मी, एक जुना पादचारी पूल. सपाट शहराच्या या रुंद महामार्गावर मी कित्येक वर्षे आडवा पडून आहे. माझ्यावर कबुतरे राहतात. माणसे मात्र माझ्या खालून रस्ता ओलांडतात. ओलांडण्याआधी प्रत्येक जण एकदा माझ्याकडे बघतो, माझा जिना बघतो आणि गाड्यांमधून धावत सुटतो. त्या नजरेची मला फार लाज वाटते.

मला एका थोराड वेल्डरने जोडले. कारखान्यात सगळे त्याला मामा म्हणत. काम संपल्यावर त्याने माझ्या कठड्यावर थाप मारली आणि म्हणाला, “पूल म्हणजे घरचा गडी. जावयासारखा नुसता मिरवू नकोस. राबशील तोवर मान आहे.” मामांचे हे शब्द मी मनाशी गाठ मारून ठेवले.

माझी पहिली नेमणूक डोंगरावरच्या शहरात झाली. तिथे मोठा रस्ता टेकडी खोदून खालून नेला होता आणि गल्ल्या वरच्या वरच राहिल्या होत्या. मला या काठावरून त्या काठावर अलगद ठेवले. चढायला पायरी नाही, उतरायला पायरी नाही. आपण पुलावर आहोत हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. बाबागाड्या जात, हातगाड्या जात, शाळेला उशीर झालेली मुले जात. घरातून भांडत निघालेली नवरा-बायको माझ्या मध्यावर थांबून भांडण मिटवत आणि मग पुढे जात.

रस्ते खात्यातले एक तरुण इंजिनिअर साहेब मला बघून हरखून गेले. “सगळ्या राज्यात इतका वापरला जाणारा पूल दुसरा नाही,” असे ते भेटेल त्याला सांगत. झाले, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. मला वाटले, हे सगळे माझेच कर्तृत्व. टेकडीचे आभार मानायचे माझ्या मनातही आले नाही.

पुढे तिथे मोटारींसाठी मोठा पूल झाला, त्यालाच पदपथ जोडला आणि माझी गरज संपली. माझे बोल्ट काढून मला दुसऱ्या एका, गोल आकाराच्या शहरातल्या सरकारी आवारात टाकले. तिथे गवतात पडल्या पडल्या मी ट्रकवाल्यांच्या गप्पा ऐकत असे. त्यांनी सारे राज्य चाकाखालून घातले होते.

“डोंगरावरच्या शहराचं बरं आहे,” एक जण म्हणाला. “गाडी खाली, माणूस वर. कुणी कुणाच्या वाटेला जात नाही.”

“आणि इथं महामार्ग बाहेरून वळसा घालतो,” दुसरा म्हणाला. “डिझेल जास्त जातं, पण आतल्या रस्त्यांवर पोरं खेळतात. ते सपाट शहर मात्र नको रे बाबा. महामार्ग थेट पोटातून. या बाजूला घर, त्या बाजूला दुकान. माझा पाय ब्रेकवरून हलत नाही तिथं.”

त्या सपाट शहरात खरोखरच माणसे दगावत होती. लोक सिग्नल मागत होते. साहेब तोवर मोठे साहेब झाले होते. ते आवारात आले, मला बघून जुना मित्र भेटल्यासारखे हसले आणि म्हणाले, “महामार्गावर गाड्या थांबवायच्या नसतात. सिग्नल कशाला? आपला हा पूल न्या तिकडे. लोक हमखास वापरतील.”

मला नेले. टेकडी मागेच राहिली. तिला कोण उचलणार? उंच ट्रक खालून जावेत म्हणून मला उंच खांबांवर चढवले आणि दोन्ही बाजूंना तीन तीन वळणांचे जिने लावले. फीत कापली, टाळ्या झाल्या. चार दिवस मुले हौसेने वर-खाली करत होती. मग हौस फिटली. दुभाजकाचे कुंपण कुणीतरी बरोबर माझ्या खाली वाकवले आणि माणसे त्या फटीतून जाऊ लागली. उन्हात तर ती माझ्याच सावलीतून जात. माझा तेवढाच उपयोग उरला.

माझ्या जिन्याच्या शेजारच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. समोरच्या बाजूला त्यांची धाकटी बहीण शिवणकामाचे दुकान चालवते. महामार्ग होण्याआधी हा साधा रस्ता होता. तेव्हा भाजीत मीठ जास्त पडले तरी एक बहीण वाटी घेऊन दुसरीच्या घरी चव दाखवायला जायची.

एके दिवशी बाईंनी माझा जिना चढायचा प्रयत्न केला. गुडघा दुखत होता. पहिल्या वळणापर्यंत आल्या, पायरीवर बसल्या, बराच वेळ कठडा धरून राहिल्या आणि उतरल्या. समोरून धाकटीचा फोन आला.

“ताई, बघत होते मी. जीव जळत होता माझा. आता परत नको चढूस.”

“अगं, मीच म्हातारी झाले. पुलाला कशाला नावं ठेवायची? चांगला मजबूत आहे बिचारा.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. पुढे त्या फटीतून जायच्या, पण एकदा एका ट्रकने त्यांच्यापासून हातभर अंतरावर ब्रेक मारला, आणि धाकटीने त्यांच्याकडून शपथच घेतली. ती स्वतः रात्री दुकान बंद केल्यावर धावत येई, तर बाईंना ते बघवत नसे. शेवटी त्यांनीही तिला शपथ घातली. तेव्हापासून दोघी संध्याकाळी आपापल्या काठावर उभ्या राहतात, हात हलवतात आणि फोनवर बोलतात. दोघींच्या मधोमध मी असतो. तोंड लपवायला मला जागा नसते.

परवा साहेब आले. केस पिकले होते. बरोबर दोन कामगार, जाळीचे भेंडोळे आणि रंगाचे डबे. फट कायमची बंद करायची, मला रंगवायचे, म्हणजे लोक मुकाट्याने वर चढतील, असे ठरले होते. साहेब तपासणीसाठी जिना चढू लागले. पहिल्या वळणावर त्यांना धाप लागली आणि ते तिथेच टेकले.

“बसा, साहेब,” खालून बाई म्हणाल्या. “ती पायरी बरी आहे, वारा येतो. पाणी देऊ का?”

साहेब पाणी प्यायले. समोरच्या काठावरून एक स्त्री इकडे हात हलवत होती.

“ती कोण?”

“माझी धाकटी बहीण.”

“मग जात नाही का तुम्ही तिकडे?”

“दिसते की इथून,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी पेला खाली ठेवला. त्यांनी माझा उरलेला जिना वरपर्यंत बघितला. मग स्वतःशीच पुटपुटले, “तिथं पायऱ्याच नव्हत्या.” लाजेने त्यांची मान खाली गेली. मला मान खाली घालता आली असती तर मीही घातली असती.

ते उतरले. एका कामगाराच्या हातातला, गाड्यांना इशारा द्यायचा लाल कपडा घेऊन ते स्वतः महामार्गावर उभे राहिले. गाड्या थांबल्या. हॉर्न वाजले, शिव्या पडल्या, पण गाड्या थांबल्या. बाई फटीतून सावकाश पलीकडे गेल्या. धाकटीने त्यांना बघून आधी रागावायला तोंड उघडले आणि मग रडूच लागली.

“जाळी लावू नका,” साहेब कामगारांना म्हणाले. “मी खात्यात बोलून बघतो.”

“आणि रंग?”

साहेब लाल कपडा कामगाराच्या हातात देऊन निघून गेले. रंगाचे डबे अजून माझ्या पायाशी आहेत.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या रस्ते आखाल. तेव्हा दुसऱ्या शहरातली छान वस्तू उचलण्याआधी तिच्याखालची जमीनही बघा. बाकी जुन्या वस्तू तुमच्याकडे काळजी मागतात, रंग मागतात. मला काही नको. मला उतरवा. माझ्या जागी एक लाल दिवा लावा आणि खाली पांढरे पट्टे मारा. गाड्यांना घटकाभर थांबायला काही होत नाही, हे मी परवा डोळ्यांनी बघितले आहे. माझे लोखंड वितळवून त्याचे एक बाक करा. रस्त्याच्या कुठल्याही काठाला ठेवा. दोघी बहिणी एका बाकावर बसल्या की मी पुन्हा राबू लागेन.