पान्ह्याची सुई

चंद्री म्हैस पेठ गावचे पुढारी बाळासाहेब यांच्या दावणीला बांधली की चिमाजीला दूध संस्थेचं चेअरमनपद मिळणार होतं. म्हणजे टेबलामागची खुर्ची, दारात चपला काढून उभे राहणारे लोक, आणि अवसरी बुद्रुकात आजवर कुणी मनापासून न घातलेला रामराम. त्या बदल्यात जाणार काय, तर एक म्हैस. तीही बायकोच्या, लंकाबाईच्या, माहेरची. इतका फायद्याचा सौदा त्यानं जन्मात केला नव्हता.

अडचण एकच. रेडकू मेल्यापासून चंद्री लंकाबाईशिवाय कुणाला पान्हा सोडत नसे. आधी बाईचा हात कोपरापर्यंत चाटायची, मग कासेत दूध उतरायचं. दुसरं कुणी बसलं की लाथ.

गोठ्यात जनावरांची डॉक्टर तेजस्विनी आली, तेव्हा चिमाजीनं तिला खोदून विचारलं.

"चाटलं, वास घेतला की तिच्या मेंदूत एक रस सुटतो," ती म्हणाली. "ऑक्सिटोसिन. त्यानंच पान्हा फुटतो, त्यानंच समोरचं आपलं वाटतं. आणि आपल्या माणसावर कुणी चालून आलं तर शिंगं उगारायला लावण्यातही त्याचाच हात."

"माणसाच्या डोक्यात बी असतुया व्हय?" शेण भरता भरता लंकाबाईनं विचारलं.

"असतो की, मावशी."

"मंग आमच्या ह्यांच्यात घालायचा ऱ्हायला जणू."

चिमाजीचं तिकडं लक्षच नव्हतं. "त्याची सुई मिळती ना बाजारात?"

"मिळते, पण नका टोचू. सुईतलं कासेपर्यंत पोचतं काका, मेंदूत जात नाही. माया काय..."

तोवर त्यानं मोटारसायकलला किक मारली होती. दूध उतरलं की मागोमाग माया उतरणारच, एवढं गणित त्याला पुरेसं होतं.

चंद्रीला टेम्पोतून पेठला नेलं. लंकाबाईशिवाय ती टेम्पोत चढेना, म्हणून बाईलाही घेतलं. उतरल्यावर मात्र चिमाजीनं बायकोला लांब फाटकापाशी उभं केलं. टेम्पोच्या आडोशाला गुपचूप सुई टोचली. बाळासाहेब हौसेनं स्वतः धार काढायला बसले आणि बादली फेसानं भरली.

"लई गरीब जनावर हाये राव!"

"तुमच्या हाताचा गुण, सायेब."

निघताना लंकाबाई चंद्रीजवळ आली. म्हशीनं तिचा हात चाटायला घेतला. बाईचा पाय निघेना.

"चल की आता. पोरगी नांदायला धाडलीय व्हय?"

"अवं, थांबा जरा."

चारचौघांत बायको थांबा म्हणते! चिमाजीनं दंडाला धरून तिला असं हिसडलं, की ती ओरडून खाली पडली. चंद्रीनं मान खाली घालून शिंगं रोखली. दावं तटकन तुटलं आणि चिमाजी टेम्पोच्या फाळक्यावर चेचला गेला. खुबा मोडला, तो नीट जुळलाच नाही.

चेअरमनपद मात्र मिळालं. चेअरमन अंथरुणाला खिळलेला असला की कारभार आपल्यालाच पाहता येतो, हे बाळासाहेबांना न कळायला काय झालं? मारकी म्हैस त्यांनी त्याच आठवड्यात चाकणच्या बाजारात काढली. तिथून ती कुठं गेली, ते कुणी विचारलं नाही.

म्हणजे बाळासाहेबांचं काही गेलं नाही. चिमाजीचा खुबा गेला, पद आलं. चंद्री जिवानिशी गेली. बाकी सगळं भरतेय लंकाबाई. चेअरमनसाहेबांना उचलून बसवायचं, पुसायचं, त्यांचं भांडं उचलायचं, आणि हाताशी येईल ते त्यांनी फेकून मारलं तर चुकवायचं. तिच्यासाठी आडवं येणारं आता त्या घरात कुणी नाही.