हौदात पाय मारणारा तुर्क

मित्रांनो, मी एक म्हातारा, पांढराफटक घोडा आहे. पण जन्मलो तेव्हा मी कोळशासारखा काळा होतो हं! आम्हा करड्या घोड्यांचं असंच असतं. लहानपणी काळे, तरुणपणी करडे, अंगावर चंद्रासारखे ठिपके, आणि म्हातारपणी पिठाच्या पोत्यात लोळून आल्यासारखे. हे एवढं ध्यानात ठेवा. पुढच्या साऱ्या घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे.

तुर्कांच्या राज्यातल्या हलब शहराबाहेर एका तंबूशेजारी माझा जन्म झाला. तिथे विहिरीजवळच्या कुंडात पाण्यावर धूळ आणि काडीकचरा तरंगायचा. माझी आई आधी डावा पाय पाण्यात आपटायची, कचरा बाजूला सारायची आणि मग डोळ्यांपर्यंत तोंड बुडवून प्यायची. पुन्हा पाणी कधी मिळेल याचा काय भरवसा? मीही तसंच पिऊ लागलो. तिने शिकवलं म्हणून की मुळात रक्तातच होतं म्हणून, देव जाणे.

मग कॅप्टन वेदरेल नावाच्या माणसाने मला विकत घेतलं आणि गलबतातून इंग्लंडात, यॉर्कशायरला आणलं. बाप रे, तो प्रवास! पोटातलं सगळं बाहेर आलं असतं, पण घोड्याला ओकताच येत नाही. यॉर्कशायरची थंडी तर हाडांत शिरायची. पण कॅप्टनसाहेबांची धाकटी लेक डॉर्कस रोज ओटची पातळ भाकरी लपवून आणायची आणि माझ्या कानात म्हणायची, “खा रे राजा, बाबांना सांगू नकोस!” जणू मी सांगणारच होतो.

त्या मुलखाची एक अजब रीत होती. घोड्याला स्वतःचं नाव नसे. ज्याचा घोडा, त्याचं नाव. म्हणून मी झालो ‘वेदरेलचा तुर्क’. आजूबाजूच्या घोड्या माझ्याकडे आणल्या जाऊ लागल्या. माझी पोरं मोठी झाली, माळावरच्या शर्यतींत वाऱ्यासारखी धावली, आणि लोक म्हणू लागले, “रक्त असावं तर तुर्काचं!” खोटं कशाला बोलू, ऐकून माझी मान जरा जास्तच ताठ व्हायची.

कॅप्टनसाहेब वारले. डॉर्कस लग्न होऊन समुद्रकाठी गेली. मला हॅक्सबी नावाच्या जमीनदाराने नेलं, आणि रातोरात मी ‘हॅक्सबीचा अरब’ झालो. तुर्काचा अरब कसा झाला, हे विचारायची कुणालाही गरज वाटली नाही. तिथेही माझी पोरं जिंकू लागली. आता लोक दोन घराण्यांच्या नावाने भांडायचे. एक म्हणायचा तुर्काचं रक्त भारी, दुसरा म्हणायचा अरबाचं. मी गवत चघळत ऐकायचो. दोघेही माझंच कौतुक करत होते की!

मग हॅक्सबींचं घर मोडलं, व्यापाऱ्यांच्या या हातातून त्या हातात फिरत मी एका जत्रेत पोहोचलो. तोवर अंगावरचे ठिपके गेले होते, केस पांढरे झाले होते. थॉर्नगिल गावच्या राल्फ डॉकरे नावाच्या गृहस्थाने मला फक्त बसायला म्हणून घेतलं. नाव काय? ‘डॉकरेचा पांढऱ्या’. झालं!

डॉकरे मनाचा वाईट नव्हता. फक्त त्याला एकच वेड होतं. तुर्काचं रक्त आपल्या तबेल्यात आणायचं. कुठे कुणी म्हणालं, अमक्या गावी म्हातारा तुर्क पाहिला, की हा निघालाच, पावसात, चिखलात. आणि मित्रांनो, कुणाच्या पाठीवर बसून? माझ्या! तुर्काच्या पाठीवर बसून तो यॉर्कशायरभर तुर्काला शोधत होता. मी खिंकाळून खिंकाळून दमलो, तर तो म्हणायचा, “गप रे पांढऱ्या, तुझं काय मधेच?”

शेवटी माझा पुढचा पाय लंगडू लागला. त्याच सुमारास डॉकरेला हवं ते सापडलं. समुद्रकाठच्या एका बाईंकडे तुर्काची नात होती, तरणी, करडी घोडी. सौदा ठरला. पण तबेल्यात जागा कुठे होती? माझीच जागा रिकामी करायची ठरली.

तिकडे म्हाताऱ्या घोड्यांना शिकारी कुत्र्यांच्या आवारात पाठवतात. तिथे त्यांचं मांस मोठ्या कढईत शिजवून कुत्र्यांना घालतात. तिथला माणूस, जोब स्केफ, दोर घेऊन आला. डॉकरेने माझी मान थोपटली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. “चांगली चाकरी केलीस रे,” म्हणाला आणि नव्या घोडीची वाट बघायला वेशीकडे निघून गेला. मला फार, फार वाईट वाटलं.

जोब मला घेऊन निघाला. वेशीवर गावाचा दगडी हौद आहे. तिथे नवी घोडी नुकतीच पोहोचली होती. तिला एक पोक्त बाई स्वतः घेऊन आल्या होत्या. डॉकरे टोपी हातात घेऊन आनंदाने नाचायचाच बाकी होता.

“चल बाबा, शेवटचं पाणी तरी पी पोटभर,” जोब म्हणाला आणि त्याने मला हौदाशी सोडलं.

घोडीने डावा पाय हौदात आपटला. डोळ्यांपर्यंत तोंड बुडवलं.

“बघा, बघा!” बाई हसत म्हणाल्या. “हीच तुर्काची खूण. त्याची सगळी पोरं अशीच पितात.”

तेवढ्यात शेजारी धपकन आवाज झाला आणि सगळ्यांच्या अंगावर पाणी उडालं. तो माझा डावा पाय होता. मी काही मुद्दाम केलं नाही हो, मला तहान लागली होती.

बाईंचं हसू थांबलं. “हा कोण?”

“हा? हा आमचा पांढऱ्या. कुत्र्यांच्या आवारात चाललाय,” डॉकरे तोंड पुसत म्हणाला.

“गंमतच आहे,” जोब म्हणाला. “हॅक्सबीच्या अरबाची पोरंही अश्शीच पाय मारतात. मला वाटायचं, तिकडचं पाणीच तसलं असेल!”

बाईंनी कमरेच्या पिशवीतून ओटची भाकरी काढली. तो वास आला आणि मी हौदातून तोंड वर काढलं. त्या माझ्या कानाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “खा रे राजा, बाबांना सांगू नकोस.”

मी डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं. डॉर्कस लहान मुलीसारखी रडू लागली.

डॉकरे हौदाच्या काठावर मटकन बसला. “म्हणजे तुर्क तोच, अरब तोच, आणि...”

“आणि तुमचा पांढऱ्याही तोच!” डॉर्कस कडाडली. “मालक बदलला की नाव बदलता, आणि मग हरवला म्हणून गावभर हिंडता!”

“अहो बाई, मी याच्यावरच बसून याला शोधायला जायचो हो!” डॉकरे डोक्याला हात लावून म्हणाला. जोब हसून हसून खाली बसला. पण डॉकरेच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यातला दोर सोडला. त्या दिवशी त्याने आपली गाडी ठेवायच्या पडवीची भिंत पाडून तिथे माझ्यासाठी जागा केली. गाडी पावसात भिजत राहिली.

दाराच्या पाटीवर त्याला फार वाटत होतं की ‘डॉकरेचा तुर्क’ लिहावं. डॉर्कसने नुसतं पाहिलं. पाटीवर ‘वेदरेलचा तुर्क’ असंच लिहिलं गेलं. आपल्या दारात दुसऱ्याचं नाव लावायला त्या माणसाला किती जड गेलं असेल!

आता मी उन्हात उभा असतो. कुंपणापलीकडे माझी नात चरते. दूरदूरच्या माळांवर माझी पतवंडं धावतात. त्यांना माझं नाव ठाऊक नाही, पण तहान लागली की त्यांचा डावा पाय आपोआप उचलला जातो.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. दारातलं म्हातारं जनावर घालवून देण्याआधी त्याला एकदा स्वतःच्या हाताने पाणी पाजा. आणि ते कसं पितं, ते जरा थांबून बघा.